घराचा जीर्णोद्धार आणि फरशीचा प्रश्न

पुस्तकावर टीका लिहिली जाते, नाटकावर लिहिली जाते, गायकाच्या एका बैठकीवरहि रकानेच्या रकाने भरतात. परंतु जुन्या घराची दुरुस्ती हा विषय टीकाकाराच्या कक्षेंत येतो असें आपणांस सहसा वाटत नाहीं. तो गवंड्याचा, सुताराचा आणि फार तर इंजिनियराचा विषय समजला जातो. वास्तविक पाहतां शंभर-सव्वाशें वर्षांचें घर दुरुस्त करावयास घेणारा मनुष्य पदोपदीं टीकाकाराचेंच काम करीत असतो. मूळचें कोणतें आणि मागाहून घुसडलेलें कोणतें, राखण्याजोगें काय आणि टाकण्याजोगें काय, जेथें मूळ नष्ट झालें आहे तेथें नवें कोणत्या अधिकारानें घालावयाचें, हे सारे प्रश्न जुन्या पोथीच्या संपादकापुढें जसे उभे राहतात तसेच ते त्याच्यापुढेंहि उभे राहतात. भेद इतकाच कीं, संपादकाची चूक छापील पानावर राहते आणि पुढचा संपादक ती सुधारूं शकतो; घराच्या बाबतींतील चूक मात्र पहारीच्या एका घावासरशी कायमची होऊन बसते.

हा विचार मनांत येण्यास एक निमित्त घडलें. परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागांत, जिंतूर तालुक्यांतील एका खेड्यांत, माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाचें जुनें दगडी घर आहे. घर म्हणजे कांहीं मोठी गढी नव्हे. घडीव काळ्या दगडाचें कमरेइतकें जोतें, त्यावर दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आंत सागवानी खांबांवर उभारलेले पांच खण, वर माळवद, पुढें ढेलज, मागें परस, भिंतींत धान्याचें बळद आणि माजघराच्या भुईंत पुरलेलें एक दगडी उखळ, एवढाच त्याचा पसारा. मुलें कामधंद्यानिमित्त पुण्यास असतात. घरीं त्यांच्या मातोश्री एकट्याच असतात. दोन पावसाळे माळवद गळलें, मागची भिंत फुगली, आणि अखेर मुलांनीं ठरविलें कीं घर पाडावयाचें नाहीं, दुरुस्त करावयाचें. येथपर्यंत सर्वांचें एकमत होतें. वाद सुरू झाला तो फरशीपासून.

थोरल्या मुलाचें म्हणणें असें कीं, शहरांतल्यासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी घालावी; एकदां घातली कीं पुन्हां तिकडे पाहावयास नको. धाकटा चार पुस्तकें वाचलेला. त्याला जुन्या वाड्यांत दिसते ती रंगीत नक्षीची फरशी हवी होती. त्याच्या एका शहरी स्नेह्याला हीं दोन्ही मतें पसंत नव्हतीं. त्याच्या मतें शेणानें सारवलेली भुई हाच ह्या घराचा खरा धर्म. मातोश्री बराच वेळ ऐकत बसल्या होत्या. शेवटीं त्या एवढेंच बोलल्या, "कोणची बी घाला रे बाबांनो, पण पाय घसरला नाही पाहिजे. अन् माझं उखळ काढूं नका." त्या वेळीं ह्या बोलण्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं, मींहि दिलें नाहीं. पुढें मात्र ध्यानांत आलें कीं, त्या संध्याकाळीं त्या घरांत खरी टीकादृष्टि जर कोणाला असेल तर ती त्यांनाच होती.

फरशीचा विचार करण्यापूर्वीं ती ज्या भिंतींच्या मध्यें बसावयाची त्यांची जात ओळखली पाहिजे. मराठवाड्याचा दगड हा लाव्ह्याचा दगड होय. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थरावर थर पसरून थिजलेल्या रसाचा तो बनलेला आहे. त्यांतील घट्ट, निळसर काळा पाषाण जोत्याला, उंबऱ्याला आणि कोपऱ्याच्या चिऱ्यांना लागतो. सच्छिद्र, टाकीला लवकर वश होणारा तो मांजऱ्या, तो भिंतीच्या पोटांत जातो. ह्या कठीण दगडाकडून माणसानें काय करवून घेतलें तें पाहावयाचें असेल तर ह्याच तालुक्यांतील चारठाणें गांवीं जावें. तेथील यादवकालीन देवळांचे अवशेष आणि तो उंच दगडी स्तंभ पाहिला म्हणजे पाथरवटाच्या हाताची खात्री पटते. परंतु देवाच्या घराला जो खर्च झाला तो कुणब्याच्या घराला कसा व्हावा? तेथें बाहेरून एक तोंड, आंतून एक तोंड, आणि मध्यें दगडगोटे व माती असा भराव, हीच रीत पडली. परभणीचा उन्हाळा चाळिसाच्या वर जाणारा. अशा उन्हांत ही जाड भिंत आणि वरचें मातीचें माळवद माणसाला जगूं देतात, हा त्यांचा मोठा गुण आहे.

पण ह्या भिंतीचा गुण आणि दोष एकाच जागीं आहे. आंतली माती भिंतीला थंड ठेवते, परंतु तिच्या दोन तोंडांना एकमेकांशीं बांधीत नाहीं. जमीन हादरली कीं तीं तोंडें सुटतात, मधला भराव बसतो, आणि माळवदाचें ओझें खालीं येतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चार वाजण्याच्या आंतच किल्लारीच्या परिसरांत जो भूकंप झाला त्यांत लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत हजारों माणसें झोपेंत गाडलीं गेलीं, तीं बव्हंशीं असल्याच भिंतींखालीं. कित्येक ठिकाणीं भिंती ढासळल्या आणि आंतला लाकडी खण मात्र उभा राहिला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सुताराचें काम शाबूत राहिलें आणि गवंड्याचें गेलें. त्यानंतर जाणत्यांनीं जे उपाय सांगितले ते साधे आहेत. भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालावे. भारतीय मानक संस्थेच्या १३८२८ क्रमांकाच्या, १९९३ सालच्या मानकांत ते दर दोन फूट उंचीवर आणि आडव्या अंतरांत चार फुटांपेक्षां लांब नसावे असें सांगितलें आहे. उभ्या भिंतींत ते घालणें शक्य नसेल तर भोंक पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावें. माळवदावर वर्षानुवर्षें चढविलेली माती उतरवून भार हलका करावा. खांब आणि तुळई ह्यांना तिरकस आधार द्यावा.

ह्या कामांत दिसण्यासारखें कांहींच नाहीं. भिंतीच्या पोटांत गेलेला दगड पाहुण्यास दाखवितां येत नाहीं. म्हणूनच हल्लीं जुन्या घरांच्या दुरुस्तीचा जो नवा शौक निघाला आहे त्यांत बहुधा फरशी आधीं येते, रंग मागाहून येतो, आणि भिंतीच्या सांध्यांचा विचार पैसे उरले तर होतो. हा क्रम म्हणजे संहितेचा निर्णय होण्यापूर्वींच पुस्तकाचें मुखपृष्ठ छापून घेण्यासारखा आहे. आणि येथें प्रश्न केवळ रुचीचा नाहीं. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत उगम पावलेला ४.५ तीव्रतेचा धक्का परभणींतहि जाणवला होता. ज्या घरांत म्हातारी आई एकटी झोपते त्या घराच्या सौंदर्यशास्त्राचा पहिला नियम भिंत उभी राहणें हाच असला पाहिजे. हा नियम मान्य केल्यावरच पुढचें बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो.

आतां जीर्णोद्धार ह्या शब्दाकडे वळूं. युरोपांत गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत ह्या विषयावर मोठें रण माजलें होतें. फ्रान्समध्यें व्हिओले-ल-द्यूक ह्यानें असें प्रतिपादिलें कीं, इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे ती पूर्णावस्थेस नेणें, मग ती अवस्था पूर्वीं कधीं प्रत्यक्षांत असो वा नसो. उलट इंग्लंडांत रस्किननें १८४९ सालच्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत जीर्णोद्धाराला सरळ असत्य ठरविलें; वेळच्या वेळीं काळजी घ्या, म्हणजे जीर्णोद्धार करण्याची पाळीच येणार नाहीं, असा त्याचा उपदेश. त्याचा अनुयायी विल्यम मॉरिस ह्यानें १८७७ मध्यें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्थाच काढली. दोघांपैकीं रस्किनचा पक्ष नैतिक दृष्ट्या उंच दिसतो खरा. पण काळानें व्हिओले-ल-द्यूकवर एक चमत्कारिक कृपा केली. पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरावर त्यानें आपल्या कल्पनेनें उभारलेला मनोरा १५ एप्रिल २०१९ च्या आगींत पडला, तेव्हां तो जशाचा तसा पुन्हां उभारला गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्यें मंदिर उघडलें तें त्या मनोऱ्यासह. क्षेपकालाहि पुरेसा काळ लोटला म्हणजे मूळ संहितेचा मान मिळतो, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

परंतु ह्या वादासाठीं पॅरिसपर्यंत जाण्याची गरज नाहीं. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांत असलेलें, आतां हिंगोली जिल्ह्यांत गेलेलें औंढा नागनाथाचें देऊळ पाहा. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, कोनाकोनांनीं मोडलेला, इंचाइंचावर कोरलेला; वरचा भाग मागाहून बांधलेला, साधा, चुनेगच्चीचा. हें वरचें काम परंपरा अहिल्याबाई होळकरांच्या नांवाशीं जोडते. बांधणारांपाशीं खालच्या कोरीव कामाची नक्कल करण्याइतकें धन नव्हतें किंवा कारागीर नव्हते असें कोणी म्हणेल. कारण कांहींहि असो, परिणाम मात्र प्रामाणिक आहे. जुनें कोठें संपलें आणि नवें कोठें सुरू झालें हें भाविकालाहि दिसतें आणि अभ्यासकालाहि दिसतें. देऊळ पुन्हां पूजेस लागलें, आणि कोणाची फसवणूक झाली नाहीं. जीर्णोद्धार ह्या आपल्या शब्दाचा अर्थ मला तरी हाच वाटतो. जीर्णाला वर काढावयाचें, त्याला तरुणाचें सोंग द्यावयाचें नाहीं.

आपल्या वाङ्मयांतहि हीच शिस्त आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठभेदांनीं मलिन झालेला ग्रंथ निवळावा म्हणून. आणि स्वतः एवढे मोठे कवि असूनहि त्यांत पदरची भर घालण्याचा मोह पुढील कोणासहि होऊं नये अशी ताकीद त्यांनीं देऊन ठेवली. पुढें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें, तें १९६६ सालीं पुरें झालें. विष्णु सीताराम सुकठणकरांनीं घालून दिलेल्या त्या पद्धतींत एक लहानशी गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. जेथें पाठ निश्चित नाहीं तेथें संपादक आपला निर्णय देतो, पण त्याच्याखालीं एक नागमोडी रेघ ओढतो. म्हणजे तो वाचकाला सांगतो, हें मीं ठेवलें आहे, पण माझी खात्री नाहीं. घराच्या दुरुस्तींतहि अशी नागमोडी रेघ असली पाहिजे. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेंत जेथें तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धार थांबला पाहिजे असें जें तत्त्व सांगितलें तें ह्याहून वेगळें नाहीं. भारतीय सांस्कृतिक वारसा जपणाऱ्या 'इंटॅक' ह्या संस्थेनें २००४ च्या आपल्या सनदेंत त्याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. आपल्याकडे जुन्या रीतीनें बांधणारे कारागीर अजून हयात आहेत, त्यांची विद्या हाहि वारसाच आहे, हें त्या सनदेनें मान्य केलें.

ह्या कसोट्या घेऊन आतां त्या चार फरशांचा विचार करूं.

सारवलेल्या भुईचा पक्ष प्रथम घेतों, कारण आरंभीं माझेंहि मन त्याच बाजूला झुकलें होतें. मुरूम पसरून, पाणी मारून, धुमसानें चोपलेली आणि शेणमातीनें सारवलेली भुई ह्या भिंतींची सख्खी बहीण आहे यांत शंका नाहीं. ती उन्हाळ्यांत थंड असते, ओल धरते आणि सोडते, फुटली तर घरच्या घरीं सांधतां येते. तिच्यावर बोलावें तेवढें थोडें. पण बोलणारे कोण आणि सारवणारे कोण, हा प्रश्न टीकाकारानें टाळतां कामा नये. चार-आठ दिवसांनीं गुडघ्यांवर बसून सारें घर सारवून काढणारे हात बायकांचे होते, आणि त्या भुईच्या सौंदर्यावर लिहिणारे हात बहुतेक पुरुषांचे आहेत. त्या घरच्या मातोश्रींनीं पन्नास वर्षें तें काम केलें. त्यांच्या गुडघ्यांनीं आतां नकार दिला आहे. अशा स्थितींत घराचा खरा धर्म राखण्यासाठीं त्यांनीं पुन्हां वाकावें असें म्हणणारा मनुष्य घरावर प्रेम करीत नाहीं, घराच्या चित्रावर करतो. ज्या वस्तूची किंमत दुसऱ्यानें द्यावयाची असते तिचें कौतुक करणें फार सोपें असतें.

थोरल्याच्या व्हिट्रिफाइड फरशीला नाक मुरडणें हेंहि तितकेंच सोपें आहे, म्हणून तिचा पक्ष नीट ऐकला पाहिजे. गुजरातेंतील मोरबीच्या भट्ट्यांनीं ही फरशी खेडोपाडीं पोंचविली. ती डाग धरीत नाहीं, झिजत नाहीं, एका फडक्यानें स्वच्छ होते; आईला काम पडूं नये ही थोरल्याची इच्छा तिच्यामागें आहे, आणि ती इच्छा आदरणीय आहे. परंतु तिचा जो मुख्य गुण तोच ह्या घरांत तिचा मुख्य दोष होतो. ती आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकेंहि पाणी शोषीत नाहीं. सिमेंटच्या थरावर ती भिंतीपासून भिंतीपर्यंत बसविली म्हणजे जमिनींतील ओलीला वर येऊन वाळण्याची वाट बंद होते. मग ती ओल बाजूला सरकते आणि भिंतींत चढते. दगडमातीच्या भिंतीचा पायाकडचा भाग भिजतो, लोणा लागतो, गिलावा सुटतो, आणि लोक म्हणतात जुनी भिंतच वाईट. मग तिलाहि सिमेंटचा गिलावा देतात, म्हणजे उरलेलें दारहि लावून घेतात. शिवाय पाण्याचा एक थेंब पडला कीं ती घासलेली फरशी कशी निसरडी होते हें मातोश्रींनीं मुलाच्या पुण्याच्या घरीं अनुभवलें होतें. त्यांच्या पहिल्या अटीचा उगम तेथें होता.

धाकट्याच्या नक्षीच्या फरशीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथें प्रश्न सोयीचा नसून स्मृतीचा आहे. ही फरशी जुनी खरी, पण किती जुनी आणि कोणाची? मातींत रंगीत मातीची नक्षी भरून भाजलेल्या फरशा इंग्लंडांत मिंटनच्या कारखान्यानें पुन्हां प्रचारांत आणल्या. मुंबईंत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्यें त्या आजहि पाहावयास मिळतात. त्यांची नक्षी सिमेंटांत उतरविण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दक्षिण युरोपांत रूढ झाली. हींत भट्टी नाहीं. साच्याच्या कप्प्यांत रंग ओततात, मागून सिमेंट व रेती भरतात, दाबयंत्रानें दाबतात आणि पाण्यांत मुरवितात. रंगाचा थर चांगला जाड असल्यामुळें माणसें पिढ्यान्‌पिढ्या चालून गेलीं तरी नक्षी पुसली जात नाहीं. फिरोजशा आणि रुस्तम सिधवा ह्यांनीं १९२२ सालीं मुंबईंत भारत टाइल्सचा कारखाना काढला तो स्वदेशीच्या प्रेरणेनें. परदेशी फरशीला देशी पर्याय उभा करणें हा त्यांत हेतु होता. तमिळनाडूंतील चेट्टिनाडाकडे आत्तंगुडी येथें तर ह्याच जातीची फरशी अजून कांचेवर हातानें ओतली जाते. म्हणजे ही वस्तु परकी असूनहि आपली झाली. तिला मी कमी लेखीत नाहीं. जेथें ती मूळचीच आहे, तेथें तिचा एकेक तुकडा जपावा.

पण ह्या घरांत ती कधींच नव्हती. हें घर उभें राहिलें तेव्हां मुंबईचा तो कारखानाहि निघालेला नव्हता. धाकट्याला जी आठवण वाटत होती ती ह्या घराची नव्हतीच; ती इतर ठिकाणीं पाहिलेल्या वाड्यांची, चित्रपटांतील दिवाणखान्यांची होती. दुसऱ्याच्या पोथींतील सुंदर ओव्या आपल्या पोथींत उतरवून घेण्यासारखा हा प्रकार आहे. ओव्या चांगल्या असतील, पण पोथी ती राहत नाहीं. आणि बाजारांत त्याला जी स्वस्त मिळत होती ती तर त्या फरशीची नुसती छबी, गुळगुळीत फरशीवर यंत्रानें छापलेली. तीवर झिजल्याचे डागहि छापलेले होते! न घडलेल्या वापराची खूण आधींच उमटवून विकणारी ही कला पाहिली म्हणजे रस्किनचा राग समजूं लागतो.

राहिली शहाबादी. तिचें नांव कोणीं घेतलेंच नव्हतें, कारण ती फार साधी आहे. शहाबाद हें गांव कलबुर्गी जिल्ह्यांतलें. १९५६ च्या नोव्हेंबरांत प्रांतरचना होईपर्यंत तो जिल्हा आणि परभणी एकाच हैदराबाद राज्यांत होते. मराठवाड्याच्या घरांत तिला परकी म्हणण्याचें कारण नाहीं. आपला काळा पाषाण थरांत उकलत नाहीं. त्याची पातळ फरशी काढावयाची तर टाकीनें घासून प्राण जातो. शहाबादी चुनखडीचा दगड निसर्गतःच थरांत बसलेला, म्हणून तो सहज उकलतो. रंग निळसर राखी, काळ्या जोत्याशीं भांडण न करणारा; पृष्ठभाग न घोटल्यास किंचित् खरबरीत, पायाला धरून ठेवणारा. चिंचेचा किंवा लिंबाचा रस पडला कीं तिच्यावर डाग उमटतो, हा तिचा दोष. पण तो उघड दोष आहे. चुन्याच्या गाद्यावर बसविली तर ती पुन्हां उचलतां येते आणि पुन्हां बसवितां येते. दुरुस्तीच्या शास्त्रांत ह्या गुणाला मी फार मानतों. पुढच्या पिढीला आपलें मत बदलण्याची मोकळीक ठेवणें हें चांगल्या संपादकाचेंहि लक्षण आहे.

शेवटीं शहाबादी ठरली. पण ती कोणत्या पातळीवर बसवावी हा प्रश्न उरला, आणि तो त्या उखळानें सोडविला. उखळाचें तोंड भुईच्या चार बोटें खालीं गेलें होतें. कारागिराला ती अडचण वाटली. उखळ उपटून काढावें, म्हणजे फरशीच्या ओळी सरळ येतील, असें त्याचें म्हणणें, आणि थोरल्याचाहि त्याला रुकार होता. परंतु उखळ खचलेलें नव्हतें. तें पक्क्या मुरमांत बसविलेलें होतें. वर आली होती ती भुई, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सारवणानें आणि भरावानें. म्हणजे घराची मूळ पातळी कोणती याचा त्या घरांतील एकमेव विश्वसनीय साक्षीदार तें उखळच होतें. त्याच्या तोंडाबरोबर भुई उतरवली तेव्हां उंबरे आपल्या उंचीवर आले, आणि ज्या दारांतून सारे वाकून जात तें दार मुळांत तितकें ठेंगणें नव्हतें हें कळून आलें. आईच्या हट्टांत पुराव्याची राखण होती, हें आम्हां शहाण्यांस तेव्हां उमगलें.

पुढचें काम क्रमानें झालें. भिंतींचे सांधे आणि माळवदाचा भार हीं कामें आधीं उरकलीं. मग फरशीखालची काळी माती काढून टाकली, कारण ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर बसलेली कोणतीहि फरशी कालांतरानें उचलते. तिच्या जागीं दगडगोट्यांची रचाई, त्यावर मुरूम, त्यावर चुन्याचा कोबा, आणि वर शहाबादी. भिंतीच्या कडेनें दोन बोटांची पट्टी नुसत्या चुन्याची ठेवली, म्हणजे ओलीला श्वास घ्यावयास वाट राहील. ढेलजेंतील जुने काळे दगड होते तेच पुन्हां सपाटीला आणून बसविले. मागच्या बाजूस न्हाणीजवळ एक नवी लहान खोली काढली, तिला धाकट्याच्या आवडीची सिमेंटची नक्षीदार फरशी घातली. ती खोली नवी आहे आणि नवी दिसते. तेथें कोणाचाहि पाठ बिघडत नाहीं. थोरल्याला हवी होती ती सोय म्हणून लांब दांड्याचें फडकें आलें. उभ्यानें पुसतां येतें.

ह्या निवाड्यांत सर्वांचें समाधान झालें असें मी म्हणणार नाहीं. चुन्याचें काम जाणणारा गवंडी मिळण्यास दोन महिने लागले, आणि तो तरुण नव्हता. त्याच्यामागें त्याची विद्या घेणारा कोणी दिसला नाहीं. शहाबादी बाजारांतील फरशीपेक्षां स्वस्त असली तरी खालच्या कामामुळें एकंदर खर्च वाढला, आणि तो सर्वांना परवडेल असें नाहीं. ज्याला परवडत नाहीं त्यानें निदान भिंतीचे आरपार दगड तेवढे चुकवूं नयेत आणि फरशीसाठीं थांबावें, एवढेंच माझें सांगणें आहे. चोपलेल्या भुईवर आणखी दोन वर्षें काढलीं तर घराचें कांहीं बिघडत नाहीं; न बांधलेल्या भिंतीखालीं मात्र एक रात्रहि पुष्कळ होते.

माजघरांत उखळ आहे तेथेंच आहे. त्याच्याभोंवतीं फरशी गोल कापून बसवावी लागली. एक फरशी कापतांना फुटली, तिचे दोन तुकडे तसेच जोडून बसविले आहेत. घरांत लग्न निघालें कीं पहिलीं हळकुंडें त्याच उखळांत कांडलीं जात, असें मातोश्री सांगतात. धाकट्याचें लग्न अजून व्हावयाचें आहे.